गल्लीनं जपलेला ग्रॅज्युएट

आमच्या घरात दिवसा मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. बाबा रात्रपाळीचे वॉचमन होते, विश्रांतवाडीतल्याच एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर. सकाळी सुटायचे, घरी येऊन अंघोळ करायचे, भाकर खायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. खोली एकच, दुसऱ्या मजल्यावरची. त्यामुळे आम्ही उरलेले सगळे खुणांनी बोलायचो. भांडं हातातून निसटलं तर माय डोळे मिटून घ्यायची, जणू डोळे मिटल्यानं आवाज कमी होईल. फोडणीची मोहरी बाबा यायच्या आत तडतडून झालेली असायची. बाहेर मात्र गल्ली तिच्या गतीनं चालू असायची: खाली नळावर हंड्यांची आदळआपट, वरच्या मजल्यावर सातपुते काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या, आळंदी रोडकडून येणारे बसचे हॉर्न. या सगळ्यात बाबा झोपत. घरातल्या घरात एक चमचा पडला तर मात्र उठून बसत.

आम्ही वाशीमकडचे. मी लहान असताना बाबा इकडे आले, आधी बांधकामावर आणि मग पाठ धरल्यावर गेटवर. माय दोन घरी स्वयंपाकाला जायची. तिकडून कधीमधी उरलेली भाजी मिळायची. ती घरी आली की माय तिच्यात तिखट घालून, लसूण ठेचून ती पुन्हा शिजवायची, कारण पुण्याच्या माणसांची भाजी आम्हाला गोड लागायची. "गूळ टाकतात बावा वांग्यात," असं ती आल्यागेल्याला सांगायची, एखादा गुन्हा सांगावा तसं. आमच्याकडे ज्वारीची भाकर, पातळ वरण आणि ठेचा हेच खरं जेवण. पावसाळ्यात छत गळायचं, तेव्हा बाबांची झोपायची जागा कोरडी राहील अशा बेतानं आम्ही बादल्या मांडायचो. आम्ही तिघं कुठं बसायचो ते मला आता आठवतही नाही. तिसरी माझी धाकटी बहीण वर्षा.

अशा घरातून मी बी.कॉम. झालो. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात, आईकडं नाही आणि बापाकडं नाही, कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा गल्लीतल्या गणेश मंडळानं कोपऱ्यावर फ्लेक्स लावला. वर गणपती, मध्ये माझा पासपोर्टचा फोटो मोठा करून, इतका मोठा की नाकाचे चौकोन दिसत होते, आणि खाली 'आपल्या गल्लीचा पहिला ग्रॅज्युएट, गजानन इंगळे याचे हार्दिक अभिनंदन'. बाबा त्या दिवशी ड्यूटीवर निघताना त्या फ्लेक्सखाली उभे राहिले. मला म्हणाले, "गजू, आता हातानं काम करायचं नाही तू. खुर्चीवरचं काम. आमच्या सात पिढ्यांनी उचललं तेवढं बस झालं."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला तरी वाक्य फाटलं नाही.

मी खुर्चीवरचं काम शोधायला लागलो. दोन बस बदलून कोथरूडला जायचो. तिथल्या ऑफिसांत काचेमागे एक मुलगी बसलेली असायची आणि माझ्यासारखे बरेच जण इस्त्रीचे शर्ट घालून ओळीनं बसलेले असायचे. आत गेलं की पहिला प्रश्न इंग्रजीत, स्वतःबद्दल सांगा. मी कॉलेजात हिशेब शिकलो होतो, कर शिकलो होतो, स्वतःबद्दल सांगायला कोणी शिकवलं नव्हतं. "कळवू," असं म्हणायचे. एका ठिकाणी एक साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "आपण विदर्भातले का? वाटलंच." एवढंच. मी बाहेर आलो आणि पुढच्या आठवड्यात त्या बाजूला गेलो नाही.

शोधणं कसं थांबतं हे लोकांना कळत नाही. त्यांना वाटतं एखाद्या दिवशी माणूस ठरवतो की आता बास. तसं नसतं. एक सोमवार जातो, कारण शर्ट ओला आहे. पुढचा जातो, कारण बसचा संप आहे. मग कारणाची गरज राहत नाही. मी सकाळी उशिरा उठायचो, बाबा आले की त्यांच्यासाठी गादी घालायचो आणि ते झोपले की त्यांच्या शेजारी पुस्तक घेऊन बसायचो. बाप कामावरून येऊन झोपलाय आणि बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा उशाशी बसून पानं उलटतोय, असे आमचे दिवस जात होते. सरकारी भाषेत अशा मुलाला बेरोजगारही म्हणत नाहीत म्हणे, कारण बेरोजगार म्हणवून घ्यायला काम शोधत असावं लागतं. मी शोधतही नव्हतो.

नवल म्हणजे मला कोणी काही बोलत नव्हतं. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गल्लीत आणखी मुलं बसून होती आणि त्यांना लोक सोलून काढायचे. मंडळाचा पप्या माझ्याच वयाचा. त्याला तिसऱ्या मजल्यावरचे सातपुते काका जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय पप्याशेठ, आज सुट्टी का? आणि काल? आणि परवा?" काका एका गोदामात सुपरवायझर होते आणि त्यांची जीभ खास पुणेरी होती, जखम झाल्याचं घरी गेल्यावर कळायचं. पण मी दिसलो की त्यांचा आवाज बदलायचा. "ये रे गजानन. बरा आहेस ना?" काकू डाळिंबाचे दाणे वाटीत घालून पाठवायच्या. मी नळावर गेलो की बायका माझ्या हातातला हंडा काढून घ्यायच्या. "तू राहू दे रे. आम्ही आहोत ना." क्रिकेटमध्ये मला अंपायर केलं. गणपतीत बाकीच्या पोरांना ढोल आणि मला खुर्ची, माईक आणि टेबलफॅन. पप्या ओरडायचा, "गजूला उन्हात बसवू नका रे."

मला वाटायचं, हा शिक्षणाचा मान आहे. खरंच वाटायचं. ग्रॅज्युएट माणूस म्हणून लोक माझ्याशी हळू बोलतात, ग्रॅज्युएट म्हणून हंडा घेतात. मी त्या खुर्चीत टेबलफॅनसमोर बसून वर्गणीदारांची नावं वाचायचो तेव्हा मला मनातून असंच वाटत असे की जगात नसेल, पण निदान गल्लीत तरी पदवीची किंमत आहे.

घरातही तसंच. बाबांनी त्यांची खिडकीजवळची जागा मला दिली. "तुले हवा लागते," म्हणाले. जिना चढताना मी मागून येत असलो की ते मुद्दाम थांबत थांबत चढायचे. मायनं माझी भाजी वेगळी काढायला सुरुवात केली, जवळजवळ अळणी. मी म्हणायचो, "माय, मीठ विसरलीस." ती म्हणायची, "वरून घेऊ नको. चांगलं असते." मला वाटायचं, कामाच्या घरून काहीतरी नवीन खूळ शिकून आली आहे. आणि बाबा, जे कधी देवाच्या वाटेला गेले नव्हते, ते दर मंगळवारी रात्रपाळी संपवून तसेच बसनं बुधवार पेठेत दगडूशेठला जायला लागले. प्रसादाचं खोबरं आधी माझ्या हातावर ठेवायचे आणि मग झोपायचे. वय झालं की माणूस देवाकडे वळतो, असं मी वर्षाला शहाणपणानं सांगितलं होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ती तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आमच्या घरात सगळ्यात कमी बोलायची.

त्या दिवशी दुपार होती. बाबा झोपलेले, माय कामावर, वर्षा कॉलेजात. खाली गॅसवाला आला आणि सातपुते काकूंचा भरलेला सिलेंडर जिन्याशी ठेवून, वरून कोणी ओ देत नाही म्हणून चिडून निघून गेला. मी खिडकीतून बघितलं. कोणी उचलून नेईल म्हणून खाली गेलो. आजूबाजूला एकही बाई नव्हती, माझ्या हातातून काही काढून घेणारं कोणी नव्हतं. मी सिलेंडर खांद्यावर घेतला. जड होता, पण खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. अंगाला काम लागलं की कसं बरं वाटतं हे मी विसरून गेलो होतो. एक मजला चढलो, दुसरा चढलो, आमच्या दारापुढून गेलो. तिसऱ्याच्या वळणावर सातपुते काकू समोरून उतरत होत्या. त्यांच्या हातात खाली कोणाला तरी द्यायची दुधाची पिशवी होती. ती पडली आणि फुटली.

"अहो, कोणीतरी या," काकू ओरडल्या. "इंगळे! अहो इंगळे, तुमचा गजू सिलेंडर घेऊन चढतोय!"

मला वाटलं, मी काही चोरी केली अशी यांची समजूत झाली. मी म्हणालो, "काकू, तुमचाच आहे. वरच नेतोय." पण काकू रडायला लागल्या होत्या. खालची दारं धडाधड उघडली. बाबा बनियन-लुंगीवर, झोपेनं सुजलेल्या डोळ्यांनी पायऱ्या चढत आले. माझ्या खांद्यावरून सिलेंडर त्यांनी असा ओढला की आम्ही दोघंही पडलो असतो. तो पायरीवर आपटला आणि सगळा जिना दणाणला. बाबांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस. बोलू नको. श्वास घे हळूहळू."

"बाबा, मला काय झालंय?"

"काही नाही झालं. बोलू नको म्हनलं ना."

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अजून सांगितलं नाहीत होय त्याला? आता सांगा हो. नाहीतर पुन्हा असंच काहीतरी उचलेल."

"सांगायचं नव्हतं ना," बाबा म्हणाले. जिन्यात एव्हाना आठ-दहा माणसं जमली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडावर तीच गोष्ट होती. ती सगळ्यांना ठाऊक होती. फक्त मला नव्हती.

बाबा माझ्यासमोर पायरीवर बसले. माझा हात त्यांनी हातात घेतला. माझ्या आठवणीत त्यांनी तो त्याआधी कधी घेतला नव्हता. म्हणाले, "गजू, तुह्या काळजाले भोक हाये. दोन वर्सं झाले. डॉक्टर म्हने, पोराले सांगू नका, धसका घेईन. म्हनून सगळ्याईनं तोंड शिवलं."

माणसाच्या अंगात काय काय होऊ शकतं ते मला त्या क्षणी कळलं. एक मिनिटापूर्वी मी सिलेंडर घेऊन तीन जिने चढलो होतो आणि आता मला उठून उभं राहता येईना. छातीत धडधडायला लागलं. ती धडधड मला अगदी स्पष्ट आजाराची वाटली. हाताला मुंग्या आल्या. पप्यानं आणि आणखी कोणी मला उचलून घरात नेलं, खिडकीजवळ आडवं केलं. आणि तिथं पडल्या पडल्या माझ्यासमोर ती दोन वर्षं उलटीकडून उलगडली: हंडा, अंपायर, टेबलफॅन, डाळिंब, अळणी भाजी, मंगळवारचं खोबरं. मान नव्हता तो. एकही गोष्ट मानाची नव्हती. गल्ली दोन वर्षं एका मरणाऱ्या मुलाशी जपून वागत होती, आणि मी त्या वेळात ऐटीत बसलो होतो.

माय आली तेव्हा घरात माणसं होती. तिनं दारातूनच बघितलं, चप्पल काढली आणि सरळ गॅसपाशी जाऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, "आजच दाखवू त्याले. त्यानं सिलेंडर उचलला." माय म्हणाली, आज डॉक्टर नसतात. बाबा म्हणाले, दुसरे असतील, आळंदी रोडवर काय कमी आहेत. ती म्हणाली, त्याला पडू द्या. बाबांनी शर्ट अडकवला आणि रिक्षा बघायला खाली गेले. माणसंही हळूहळू पांगली.

माय माझ्याजवळ आली नाही. तिथूनच, पाठ माझ्याकडं ठेवून म्हणाली, "उठ. तुले काही झालं नाही."

मला वाटलं, धीर देते आहे.

"भोकबिक काही नाही तुले. म्या सांगतलं होतं ते."

"काय सांगितलं होतंस?"

मग तिनं सांगितलं. सांगताना हात चालूच होते, गॅसवर काही नसताना ती कढई पुसत होती. तिच्या कामाच्या एका घरी मालकिणीच्या मुलाच्या हृदयाला खरोखरच भोक होतं. तो घरी असायचा, अळणी खायचा, जिना जपून चढायचा, आणि त्याला कोणी "काय करतोस" म्हणून विचारत नसे. त्याच सुमारास इकडं नळावर बायका मायला विचारू लागल्या होत्या की एवढं शिकवून काय झालं, फ्लेक्स लावलेला पोरगा घरीच दिसतो. आणि त्याच आठवड्यात एका रात्री बाबा जेवताना म्हणाले होते, "एक शिकला तो बसला. वर्षाचं बारावीवर पुरे करू. शिकून घरीच बसायचं असंन तर न शिकलेलं बरं." माय रात्रभर जागी राहिली आणि सकाळी तिनं नळावर सांगून टाकलं की गजूच्या काळजाला भोक निघालं आहे, डॉक्टरांनी काम बंद केलं आहे, पण त्याला कळू द्यायचं नाही. बाबांनाही तेच सांगितलं, आणि डॉक्टरांकडचं सगळं आपण बघते असंही.

आजाऱ्याला त्याचा आजार सांगायचा नाही, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. माझ्या आजीला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मायचं खोटं दोन वर्षं कुठून फुटलंच नाही. मला सोडून सगळ्यांना माहीत असणं, हेच त्यातलं खरेपण होतं.

"माय, तू मला मारून टाकलंस लोकांत," मी म्हणालो.

ती वळली. "तुले नाही मारलं. तू बसला म्हनून लोक शिक्षणाले नाव ठेवत होते. म्हनलं, त्यापेक्षा काळजाले ठेवू द्या. पोरगी तर कॉलेजात गेली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ नको, गजू. तुह्या बाबाले कळलं तर उद्याच कॉलेजातून नाव काढीन तिचं. एकच वर्स राहिलं. एक वर्स राह्य ना आजारी."

मी आजवर पुष्कळ धक्के पचवले. बायकोचं मोठं आजारपण बघितलं, कामावरची माणसं अकाली गेलेली बघितली. पण "एक वर्ष आजारी राहा" हे आईच्या तोंडचं वाक्य आठवलं की अजून माझा घास तोंडाशी थांबतो. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. मी उठलो. शर्ट घातला आणि उतरलो. प्रत्येक मजल्यावर दारात माणसं उभी होती.

रिक्षात मी बाबांना म्हणालो, "बाबा, मला काही झालेलं नाही. आणि मी उद्यापासून मिळेल त्या कामाला जाणार आहे. वर्षाचं कॉलेज बंद करायचं नाही." एका दमात सगळं बोलून टाकलं, कारण थांबलो असतो तर राहिलं असतं. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "खर्चाचा विचार करू नको तू," म्हणाले. त्यांना एक शब्दही पटला नव्हता. मरणारा मुलगा बापाला धीर देतो आहे, एवढंच त्यांनी ऐकलं.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा नळी लावली. म्हणाले, "ठणठणीत आहे."

बाबा म्हणाले, "म्हणजे भोक बुजलं साहेब?"

"नव्हतंच. असतं तर जन्मापासून असतं. मधेच पडायला ती काय सायकलची ट्यूब आहे?" मग बाबांच्या तोंडाकडे बघून ते जरा नरम झाले. "काका, मुलगा धडधाकट आहे. कोणी सांगितलं हे तुम्हाला?"

बाबा उठले. बाहेर येऊन ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. रस्त्यावर बस, टेम्पो, दुचाकी यांचा एकच कल्ला चालू होता. मला वाटलं बाबा आता ओरडतील, किंवा मिठी मारतील. त्यांनी फक्त विचारलं, "मंग हे दोन वर्सं आजारी कोन होतं?"

 

घरी आलो तेव्हा वर्षा आली होती आणि मायनं तिला सगळं सांगितलं असावं, कारण दोघी भिंतीला टेकून उभ्या होत्या. तिला खोटं आधीपासून ठाऊक होतं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. बाबांनी मायला विचारलं, "कायले केलं असं?" मायनं सरळ सांगितलं. तुम्ही म्हणाले होते, एक शिकला तो बसला, पोरीचं पुरे करू.

बाबा म्हणाले, "म्या असं म्हनलो?"

"म्हनले. वांग्याची भाजी होती त्या रात्री."

"मले तर आठोत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ड्यूटीला निघायच्या घाईत, कावलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य, घास गिळला तसं तेही गिळून ते गेटवर गेले होते. आणि त्या वाक्यावर मायनं दोन वर्षं खोटं उभं करून सांभाळलं, रोज वेगळी भाजी शिजवली, नवऱ्याला देवाला जाताना बघितलं आणि गप्प राहिली. माय उभी होती ती खाली बसली. तिच्या तोंडावर जे दिसलं ते मी पुन्हा कोणाच्या तोंडावर बघितलं नाही. बाबा तिला एक शब्द लागट बोलले नाहीत. वर्षाला म्हणाले, "तुहं कॉलेज कोन बंद करते? जाय तू." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आन खुर्चीचं म्या बोललो होतो, तेही इसर."

ते सांगतानाही त्यांचा आवाज खालीच होता. इतक्या वर्षांची सवय, दिवस होता ना.

आळंदी रोडला पिण्याच्या पाण्याचे जार भरणारा एक कारखाना होता. तिथं पोरं टिकत नाहीत हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मालकानं शिक्षण विचारलं. बी.कॉम. म्हणालो. "मग इकडं कशाला?" म्हणाला. "जार उचलायला," म्हणालो. "तब्येत बरी आहे ना? जिने असतात." कित्येक दिवसांनी कोणीतरी मला हा प्रश्न दया न दाखवता विचारला होता. मला त्याचा भलताच आनंद झाला.

गल्लीचं मन वळवणं मात्र सोपं नव्हतं. आजार होता हे त्यांनी एका सकाळीत मानलं होतं, नव्हता हे मानायला कोणी तयार होईना. सातपुते काकांनी जिन्यात बाबांना गाठलं. "इंगळे, रिपोर्ट चांगला आला म्हणे. लग्नाचं बघताय वाटतं?" त्यांच्या मते आता आम्ही खोटं बोलत होतो. काकांनी त्यांच्या गोदामात पप्याला घेतलं. मीही विचारलं होतं, तर मला म्हणाले, "तुझं काही झालं तर मी आयुष्यभर तोंड दाखवू शकणार नाही, गजानन. तू जारचंच बघ." आमच्याच इमारतीत जार टाकायची पाळी आली तेव्हा मी खांद्यावर जार घेऊन चढायला लागलो, तर प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर एक खुर्ची मांडलेली. माझ्यासाठी. मी एकाही खुर्चीवर बसलो नाही. काकू वर कठड्याला धरून उभ्या, डोळे मिटून. जार ठेवून मी म्हणालो, "काकू, रिकामा द्या." त्यांनी डोळे उघडले आणि आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. पावसाळा संपेपर्यंत एकेक खुर्ची आत गेली. शेवटची काकूंची.

आज आमच्या इमारतीत पुन्हा चार मुलं घरी आहेत. चांगली शिकलेली, माझ्यापेक्षा बरं इंग्रजी बोलणारी, पांघरुणात मोबाईल घेऊन पडलेली. त्यांच्या आयांना विचारलं की त्या म्हणतात, "वर्क फ्रॉम होम आहे त्याचं." मी पुढं विचारत नाही. हृदयाच्या भोकापेक्षा हे दुखणं बरं, निदान मीठ तरी खायला मिळतं. पण माझ्या घरी त्यातला कोणी आला तर मी त्याला मुद्दाम काहीतरी उचलायला सांगतो, कपाट सरकवायला, पोतं वर न्यायला. बायको म्हणते, पोरांना राबवता. राबवतो.

जार टाकता टाकता मी त्याच कारखान्याचे हिशेब बघायला लागलो, पण जारच्या गाडीवरून उतरलो नाही. सकाळी जार, दुपारी हिशेब, असं पुष्कळ वर्षं केलं. पुढं मालक थकला तेव्हा त्यानं तो चालवायला माझ्याकडे दिला. आता गुडघे कुरकुरतात, पण महिन्यातून एखादी फेरी मी अजून स्वतः करतो. वर्षानं बी.एस्सी. पूर्ण केलं, मग बी.एड. केलं आणि विश्रांतवाडीतल्याच शाळेत ती गणित शिकवते. बाबांनी गेटवरची नोकरी सोडली तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता रात्री झोपत जा. पहिले काही महिने त्यांना जमलं नाही. मग जमलं.

आमच्या घरातून दोन ग्रॅज्युएट झाले आणि दोघंही रोज कामावर जातात.